गहू बंद केला तरी सिलियाकचा त्रास परत परत येतोय? मग पीठ कुठून शिरतंय ते शोधा

घरात सिलियाकचं, म्हणजे गहू-जवातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते त्या आजाराचं, निदान झालंय, पोळी-ब्रेड-बिस्किट-नूडल्स सगळं बंद करून बरेच महिने झालेत, तरी पोराचं पोट मधूनच बिघडतं, तोंड येतं, चिडचिड होते, हिमोग्लोबिन वर सरकत नाही आणि टीटीजीचा, म्हणजे सिलियाकच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट थोडा खाली येऊन तिथेच अडकलाय, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझी मुलगी चौथीत आहे, आम्ही अमळनेरच्या बाजूला राहतो, एकत्र कुटुंब आहे आणि घरात दोन्ही वेळा पोळ्या होतात. म्हणजे घरातून गहूच हद्दपार करा हा जो सल्ला सगळीकडे मिळतो तो आमच्याकडे चालण्यासारखा नव्हता, बऱ्याच जणांकडे नसेल.

खान्देशात एक बरं आहे, काय खायचं हा प्रश्न फारसा पडत नाही. दादरची म्हणजे रब्बी ज्वारीची भाकरी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, बाजरी, भरीत, ठेचा, पाटोडीची रस्सा भाजी, डुबुक वडे, ज्वारीचे बिबडे, उपासाची भगर, राजगिरा, घरची केळी, यात कुठेच गहू नाही. पुण्या-मुंबईकडचे लोक ग्लुटेन फ्री पिठाची पाकिटं केवढ्याला घेतात ते ऐकलं की वाटतं आपण जन्मापासून हेच खातोय की. पण म्हणूनच आपण गाफील राहतो. ताटात भाकरी दिसली की संपलं, सगळं बरोबर चाललंय असं वाटतं, आणि गव्हाचं पीठ मात्र त्याच भाकरीत चक्कीतून येतं, ठेच्यात चमच्यातून येतं, बिबड्यात तेलातून येतं. माझं सरळ म्हणणं आहे, त्रास परत येत असेल तर ताटात काय आहे हे शंभरदा तपासण्यापेक्षा ते ताटात यायच्या आधी कुठून कुठून फिरून आलं ते बघा.

किती पीठ म्हणजे जास्त, याचा अंदाज यावा म्हणून थोडं गणित. ग्लुटेन फ्री म्हणून विकायच्या पदार्थात किलोला २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन नको असा नियम आहे, आपल्या एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, पण तोच आहे. गव्हाच्या पिठात साधारण आठ-दहा टक्के ग्लुटेन असतं. आता एक किलो ज्वारीच्या पिठात चहाचा एक चमचा, म्हणजे तीनेक ग्रॅम गव्हाचं पीठ मिसळलं तर अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास ग्लुटेन झालं, म्हणजे नियमाच्या दहापटीहून जास्त. दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत बहुतेक पेशंटना चालून जातं असं मानतात आणि रोज ५० मिलिग्रॅम पोटात गेलं तर आतड्याला इजा होते असं अभ्यासात दिसलंय. त्यामुळे "चिमूटभरच तर आहे" हे वाक्य घरातून आधी काढा.

आधी हे गव्हामुळेच आहे ना ते बघा

दोन-तीन गोष्टी पटकन सांगते कारण यात लोक फार गोंधळ घालतात.

एक म्हणजे टेस्ट न करताच गहू बंद केला असेल आणि मग बरं-वाईट चालू असेल तर आधी डॉक्टरकडे जा. टीटीजीची रक्ततपासणी आणि एंडोस्कोपी करून घेतलेला आतड्याचा तुकडा, दोन्ही गहू खाणं चालू असतानाच नीट कळतं, बंद केल्यावर रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो. यासाठीच सांगते, एका पोराला निघालं म्हणून उत्साहात सगळ्या घराचा गहू बंद करू नका, आधी भावंडांची आणि आई-बापाची तपासणी करून घ्या, कारण सख्ख्या नात्यात साधारण दहात एकाला सिलियाक निघतो.

दुसरं, सुरुवातीच्या महिन्यांत आतडं सोललेलं असतं तेव्हा दूधही पचत नाही. दूध प्यायल्यावर पोट फुगणं, पातळ होणं हे गव्हामुळे नसेलही, बऱ्याच मुलांचं ते आतडं भरून आल्यावर आपोआप जातं. आणि जंत, साधं इन्फेक्शन हे सिलियाकच्या पोरांनाही होतंच, प्रत्येक पोटदुखीला चक्कीवाल्याला जबाबदार धरू नका.

तिसरं, टीटीजी एका महिन्यात खाली येत नाही. साधारण सहा महिन्यांनी बघतात, मग वर्षाने, आणि सुरुवातीला खूप जास्त असेल तर नॉर्मलला यायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात. तो खाली सरकत असेल तर धीर धरा, अडकला असेल किंवा परत चढला असेल तर मात्र कुठूनतरी पीठ जातंय असंच समजून कामाला लागा.

शोधायचं कसं? भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोनच गोष्टी लिहायच्या, त्रास कधी झाला आणि त्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत नवीन काय आलं. नवीन दळण आलं, मसाला कुटून आणला, पाहुणे आले, लग्नाला गेलो, शाळेत वाढदिवस होता. दोन महिन्यांत चित्र दिसायला लागतं. नवीन पीठ सुरू केलं की त्रास होतो असं असेल तर चक्की, सणानंतर होत असेल तर कढई आणि हात, सुट्टीत ठणठणीत आणि शाळा उघडली की सुरू असेल तर शाळा, आणि ठरावीक काहीच नाही, कायमच थोडं थोडं, तर मग हिंग, मसाला, तवा, चाळणी असल्या रोजच्या वस्तू. हे दर वेळी जुळेलच असं नाही, काहींना तर पोटात गेलं तरी वरून काहीच दिसत नाही, पण नुसतं अंदाजाने रोज एकेक पदार्थ बंद करत बसण्यापेक्षा बरं. तसं करत गेलं तर पोरगं शेवटी वरण-भातावर येतं.

चक्की

आमच्याकडे सगळ्यात मोठं भोक हेच निघालं आणि मला वाटतं खान्देशात दहातल्या सात-आठ घरांत हेच निघेल. आपण चक्कीवर गेल्यावर विचारतो ना, "कशावर टाकताय?" ज्वारीवर ज्वारी, गव्हावर गहू, डाळीवर डाळ. का विचारतो? कारण आधीच्याचं पीठ आपल्यात येतं हे सगळ्यांना माहीतच आहे. चवीसाठी तेवढी काळजी पुरते, सिलियाकसाठी नाही पुरत. ज्वारीवर ज्वारी टाकली तरी त्या दगडात, आतल्या कडांना, पीठ पडतं त्या तोंडाच्या कापडाला दिवसभराचं गव्हाचं पीठ चिकटलेलं असतं. एकदा चक्की चालू असताना शेजारी उभं राहून बघा, चक्कीवाल्या दादांच्या भुवया पांढऱ्या, पंख्याची पाती पांढरी, काट्यावर पिठाचा थर, आणि आपला डबा तिथेच उघडा. दादा मनापासून सांगतात, "वहिनी, तुमचं सकाळी पहिलं टाकतो, काळजी नका करू," आणि टाकतातही, पण रात्री शेवटचा गहू दळलेला असतो आणि मध्ये कोणी दगड उघडून साफ केलेला नसतो.

उपाय एकच पक्का आहे, वेगळी घरघंटी आणि तिच्यात गहू कधीच नाही. कधीच म्हणजे जाऊबाईंचं दळण संपलं आणि लाइट गेल्यामुळे चक्की बंद आहे तरी नाही. जुनी वापरलेली घरघंटी स्वस्तात मिळते पण तिच्यात आधी गहूच दळलेला असणार, ती नका घेऊ. पैसे नसतील तर एका पोरापुरतं पीठ मिक्सरवर निघतं, थोडं थोडं फिरवून नव्या चाळणीने चाळायचं, भाकरी जरा भरड होते पण होते. गावाकडे जुनं जातं असेल तर टाकी लावून, घासून-धुवून, वाळवून तेही चालतं, आणि ज्वारीसाठी राखूनच ठेवायचं. ओळखीत आणखी दोन-तीन सिलियाकची घरं असतील तर मिळून एक घरघंटी घेता येते. तालुक्याच्या गावात अशी घरं निघतात, डॉक्टरांना विचारलं तर तेच एकमेकांशी गाठ घालून देतात.

पण घरघंटी आणली आणि काम झालं असं नाही हां. धान्य बघा. दादर आणि गहू दोन्ही रब्बीचे, पुढेमागे निघतात, मळणी यंत्र तेच, खळं तेच, गोण्या त्याच. ज्वारी परातीत पसरून बघितली की त्यात गव्हाचे दाणे दिसतात, लांबट, मध्ये चीर असलेले. निवडायची, मग धुवायची आणि ज्या कापडावर गहू वाळवलाय त्यावर न वाळवता वेगळ्या चादरीवर वाळवायची. कळण्यासाठी ज्वारी किलोला पाव किलो उडीद घालतो आम्ही, तो उडीदही असाच निवडून धुवून, कारण किराणा दुकानात सगळ्या पोत्यांत एकच माप फिरत असतं.

हे निवडायचं काम आमच्या सासूबाईंकडे दिलंय आणि ते मुद्दाम दिलंय. निदान झालं तेव्हा त्यांचं रोजचं एकच, "एक घासमा काय व्हस?" म्हणजे एका घासाने काय होतं. डॉक्टरांनी सांगून झालं, नवऱ्याने सांगून झालं, फरक नाही. ज्वारी निवडायला दिल्यावर मात्र वाटीत गव्हाचे दाणे जमा व्हायला लागले आणि त्या स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला ती वाटी दाखवायला लागल्या. म्हाताऱ्या माणसांना आजार समजावत बसू नका, काम द्या.

हिंग, मसाला आणि बाकीचे छुपे

हिंगाची डबी हातात घ्या आणि मागचं बारीक वाचा. बाजारात मिळणारी हिंग पावडर म्हणजे निव्वळ हिंग नसतं, त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं आणि बऱ्याच डब्यांत ते पीठ म्हणजे गव्हाचं किंवा मैदा. रोजच्या वरणात, आमटीत, लोणच्यात, पापडात हे जातं. तांदळाच्या पिठाचं, ग्लुटेन फ्री लिहिलेलं मिळालं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. आपल्याकडे फोडणीत लसूण एवढा असतो की हिंग गेलं तर कोणाला कळत पण नाही. त्रास होतो तो बाहेरच्या गोष्टींत, फरसाण, विकतचे पापड, सांबार, पाचक गोळ्या, त्यात हिंग असतंच आणि कोणतं ते सांगणारा कोणी नसतो.

मसाला कांडपावर पण विचारा. काही ठिकाणी मसाला कुटून झाल्यावर यंत्र साफ करायला धान्य फिरवतात, कोणतं फिरवतात ते विचारून घ्या. आम्ही नंदुरबारची मिरची आणतो, ती आणि काळा मसाला घरीच थोडा थोडा करतो, वर्षाचा एकदम करायची हौस सोडलीय.

पाकिटांवर गहू, मैदा, रवा, सुजी, दलिया एवढंच शोधू नका. जव म्हणजे बार्ली पण नको, आणि तिच्यापासून केलेलं माल्ट पण नको, ते दुधात घालायच्या पावडरींत आणि बऱ्याच कॉर्नफ्लेक्समध्ये असतं, मक्याचे आहेत म्हणून बिनधास्त घेऊ नका. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. मल्टिग्रेन म्हटलं की गहू आलाच. नाचणी बिस्किट, ज्वारी ब्रेड यांच्यात नाव नाचणीचं आणि माल मैद्याचा असतो, पहिला घटक कोणता ते वाचा. ओट्समध्ये शेतातच आणि कारखान्यातच गहू मिसळतो, त्यामुळे ग्लुटेन फ्री लिहिलेलेच घ्यायचे आणि तेही डॉक्टरांना विचारून. सोया सॉसमध्ये गहू असतो म्हणजे गाडीवरचं चायनीज गेलं, ते एका अर्थी बरंच झालं. आणि हो, खपली गहू, बन्सी गहू, घरच्या शेतातला बिनखताचा गावरान गहू, हे सगळे गहूच आहेत. ग्लुटेन खतामुळे येत नाही. "आमच्या वेळी कुठे होतं असलं काही, हे नवीन फॅड" म्हणणाऱ्यांना मी सांगते की विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय लागून नव्वद वर्षं होत आली, आणि १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे हॉलंडात पाव मिळेनासा झाला तेव्हा त्याची ही आजारी पोरं उलट सुधारली, पाव परत मिळायला लागल्यावर पुन्हा आजारी पडली. तिथे पोरांनी उपाशीपोटी सिद्ध करून दाखवलंय, आपल्याला एक घास देऊन परत सिद्ध करायची गरज नाही.

स्वयंपाकघर

स्टीलची ताटं-वाट्या साबणाने नीट घासल्या की त्यांचा प्रश्न नाही, उगाच सगळी भांडी डबल घेऊ नका. पण चाळणी, पोळपाट-लाटणं, लाकडी चमचे, लोखंडी तवा, परात हे वेगळं हवंच, चाळणीच्या जाळीतून आणि लाकडाच्या भेगांतून पीठ निघत नाही. भाजल्याने, उकळल्याने ग्लुटेन मरत नाही, ते काय जंतू आहे का. आमच्याकडे तिच्या वस्तूंना लाल रंगाचा ठिपका आहे, पाहुणी बाई मदतीला आली तरी कळतं.

भाकरी आधी, पोळ्या नंतर. एवढा क्रम बदलला तरी निम्मं काम होतं, कारण पोळ्या लाटताना उडालेलं पीठ ओट्यावर आणि उघड्या पातेल्यांवर बसतं. ठेचा, लोणचं, दही, शेंगदाण्याची चटणी, लोणी यांची छोटी बरणी तिची वेगळी, कारण पोळीचा तुकडा बुडवून घेणारे हात घरात भरपूर असतात आणि त्यांना कितीही सांगा.

तेलाचं जास्त सांगते कारण ते लवकर सुचत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे वाळवणं होतात, कुरडया गव्हाच्या, शेवया गव्हाच्या, बिबडे ज्वारीचे, पापड उडदाचे. बिबडे आपल्या पोराला चालतात म्हणून आपण खूश. पण कुरडईचा चीक ज्या पातेल्यात शिजवला, ज्या पळीने हाटला, त्यातच बिबड्याचं पीठ शिजतं, गच्चीवर एकाच प्लास्टिकवर शेजारी शेजारी वाळतं, वाळल्यावर एकाच पत्र्याच्या डब्यात भरलं जातं, आणि तळताना आधी कुरडया तळायच्या कारण त्या फुलतात छान आणि मग त्याच तेलात बिबडे. चीक म्हणजे नुसता स्टार्च, त्यात काही नसतं असंही कोणीतरी सांगेल, पण गव्हाचं ग्लुटेन त्यात राहतंच. आम्ही आता बिबडे पहिल्या दिवशी घालतो, कुरडया आठवडा सोडून, डबा वेगळा, आणि तिचं तळण छोट्या कढईत पहिलं. शेवभाजीचं पण तसंच, शेव बेसनाची असली तरी दुकानदार त्याच तेलात शंकरपाळे आणि समोसे तळतो. शेव घरीच करायची, बेसन आपल्या घरघंटीचं आणि सोऱ्या वेगळा असेल तर मग काही प्रश्न नाही.

दाळबट्टीचं काय, तर बट्टी मक्याच्या रवाळ पिठाची आणि ज्वारीची होते. फुटते, कारण धरून ठेवणारं ग्लुटेन नाही. पीठ उकळत्या पाण्यात उकड काढल्यासारखं भिजवा, वाटीभर पिठाला चमचाभर इसबगोल घाला, दहा मिनिटं झाकून ठेवा, मग वळा, वाफवून घ्या आणि मगच तळा. इसबगोलाने ज्वारीची पोळीसुद्धा डब्यात मऊ राहते.

सणांत सगळ्यात अवघड कानबाई, कारण रोट गव्हाचेच आणि ते भाऊबंदांनीच खायचे, प्रसाद नाकारायचा म्हणजे मोठ्यांना लागतं. आम्ही घरात आधीच बोलून ठरवलं की ती पाया पडेल, गंगाफळाची भाजी आणि तांदळाची खीर तिच्यासाठी रोट करायच्या आधी काढून ठेवायची. आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला पुरण तिला चालतं, पण मांड्याच्या पिठाचे हात पुरणाला लागायच्या आत तिची वाटी बाजूला, सोबत आमरस आणि तांदळाचे घावन. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा असतो, तिथे केळं घेऊन नमस्कार करायचा, देव काही रागवत नाही.

शाळा

शाळेत मुख्य अडचण डब्याची नसते, डब्यांच्या अदलाबदलीची असते. तिला घरून ताकीद देऊन पाठवणं पुरत नाही, पोरं पोरं आहेत. दोन जवळच्या मैत्रिणींच्या आयांना भेटून सांगा, ते शिक्षकांना सांगण्याइतकंच कामाचं आहे. वर्गशिक्षिकेला डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स द्या आणि मॅडमना लांबलचक माहिती न देता तीनच गोष्टी लिहून द्या, काय द्यायचं नाही, चुकून खाल्लं तर काय होतं आणि कोणाला फोन करायचा. चुकून खाल्ल्यावर धावपळ करून दवाखान्यात न्यायचा हा आजार नाही हेही लिहा, नाहीतर शाळा घाबरून जाते आणि पोरीला सहलीलाच नेत नाही.

पोषण आहारात खिचडी-भात असतो, तांदूळ चालतो, पण त्यात पडणारा मसाला आणि हिंग कोणतं ते स्वयंपाक करणाऱ्या ताईंना विचारल्याशिवाय सुरू करू नका, आणि बिस्किटं वाटतात त्या दिवसासाठी दप्तरात राजगिऱ्याचा लाडू किंवा चिक्की ठेवा. वाढदिवसाला केक असतोच, म्हणून मॅडमकडे एक छोटा डबा चॉकलेटचा देऊन ठेवलाय, वेफर असलेली चॉकलेटं नाहीत, साधी. केक आला की तिला त्यातलं एक.

आणि एक गोष्ट कोणाच्या डोक्यात येत नाही, हस्तकलेची खळ. पतंग, आकाशकंदील, कागदकाम, सगळ्याला मैद्याची खळ, आणि लहान वर्गांत खेळायला रंग घातलेल्या कणकेचे गोळे. हाताला लागलं म्हणून काही होत नाही, पण तोच हात तोंडात जातो, नखं कुरतडणारी पोरं तर असतातच. डिंकाची बाटली दप्तरात द्या, आणि डब्याआधी साबणाने हात. सॅनिटायझरने पीठ निघत नाही.

प्रवास आणि लग्नं

प्रवासाला आपल्याकडे जुनी सोय आहेच, दशमी. ज्वारीचं पीठ गरम दुधात भिजवून केलेली दशमी दीड-दोन दिवस टिकते, कडक उन्हाळ्यात एकच दिवस धरा, सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि गूळ. भुसावळहून गाडीत बसलो की पुढे काय मिळेल त्याच्यावर अवलंबून राहायचं नाही असंच ठरवायचं. वाटेत मिळणारं बिनधोक म्हणजे केळी, सोलून खायची फळं, उकडलेली अंडी, नारळपाणी, भाजलेल्या शेंगा. केळीचे वेफर्स जिथे फक्त केळीच तळतात तिथले घ्यायचे, फैजपूर-सावद्याकडे अशा भट्ट्या समोरच दिसतात, कढईत डोकावून बघता येतं. स्टेशनवरची इडली तांदूळ-उडदाची असते पण सांबारात हिंग, डोशाच्या तव्यावर रवा डोसा झालेला असतो, मेदूवड्याच्या तेलात समोसा.

ढाब्यावर "भाकरी मिळेल" ही पाटी बघून गाडी थांबवू नका. भाकरी थापणारी बाई आधी पोळ्यांचं पीठ मळून आलेली असते, परात तीच, तवा तोच, शेवभाजीचा रस्सा दाट करायला काय घातलंय ते वाढप्यालाही माहीत नसतं. साधा भात, दही, आणि आपल्या पिशवीतली चटणी, एवढंच मागायचं. "पोरीला गव्हाची अॅलर्जी आहे" असं सांगितलं तर लवकर कळतं, सिलियाक सांगून वाढप्याला काही उपयोग नाही, डॉक्टरांच्या भाषेत ते चूक असलं तरी तिथे चालवून घ्यायचं. मुक्काम असेल तर छोटा इलेक्ट्रिक कुकर आणि तांदूळ-मूगडाळ नेतो आम्ही, लॉजवाला कुरकुर करतो पण खिचडी होते.

भरीत पार्टी मात्र सोपी. शेतात काड्यांवर वांगी भाजतात, मिरची-लसूण कुटून फोडणी, तिथे अडचण फक्त पुरीच्या कढईची आणि वाढणाऱ्याच्या हाताची. पुऱ्या तळायला सुरुवात व्हायच्या आधी तिचं भरीत डब्यात, कळण्याची भाकरी घरून.

लग्नात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, म्हणजे पंगतीत चहूकडे बट्टीचा चुरा. आचाऱ्याला आदल्या दिवशी फोन करायचा, सकाळी गर्दीत गेलं की तो हो हो म्हणतो आणि विसरतो. भात शिजल्यावर पहिल्या पळीचा आणि वरण फोडणी द्यायच्या आधीचं, नुसतं शिजलेली दाळ आणि मीठ, एवढं आपल्या झाकणाच्या डब्यात काढून ठेवा म्हणायचं, तूप आपलं आपण न्यायचं. बहुतेक आचारी करतात, दोनदा लक्षात राहिलं की तिसऱ्या लग्नात ते स्वतःच विचारतात की पोरगी आलीय का. आणि नाहीच केलं तर दशमीचा डबा गाडीत आहेच, पंगतीतच तिच्या पुढ्यात उघडायचा, कोपऱ्यात नेऊन नाही.